दंड भरावा की दाद मागावी?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा माझ्याकडून एखाद्या वैद्यकीय विषयाची अपेक्षा असणार हे उघड होते. मधुमेह आणि रक्तदाब यांवर मी आजवर पुष्कळ लिहिले आहे आणि वाचकांनी ते सोसलेही आहे. यंदा विषय जरा निराळा घेत आहे. आपल्या बेळगावच्या अनेक वैद्यक कुटुंबांतील मुले-मुली आज इंग्लंडमधील रुग्णालयांत काम करीत आहेत. आपण निवृत्त मंडळी अधूनमधून त्यांच्याकडे चार-पाच महिने जाऊन राहतो. नातवंडांना शाळेत पोहोचवतो, भाजी आणतो आणि थोडा धीर आला की त्यांची मोटारही चालवू लागतो. मग एखाद्या दिवशी मोटारीच्या पुढच्या काचेवर प्लॅस्टिकचे पिवळे-काळे पाकीट चिकटवलेले आढळते. ते उघडल्यावर काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात अशी दोन पाकिटे माझ्या वाट्याला आली. एकाचे पैसे मी मुकाट्याने भरले आणि दुसऱ्याविरुद्ध शेवटपर्यंत दाद मागितली. दोन्ही वेळा काय करावे हे ठरविताना माझी जी परीक्षा झाली, ती पस्तीस पौंडांपुरती नव्हती.

पहिले पाकीट

त्या वर्षीच्या मे महिन्यात मी व सौ. मुलीकडे गेलो. उत्तर इंग्लंडमधील एका शहरात ती भूलतज्ज्ञ आहे. आपला भारतीय परवाना वैध असेल तर पाहुण्याला तेथे बारा महिन्यांपर्यंत मोटार चालविता येते. मात्र मोटारीच्या विम्यात त्याचे नाव असावे लागते. ते मुलीने घातले होते.

१७ जूनच्या शनिवारी नातीला तिच्या मैत्रिणीच्या घरून आणायला गेलो. निवांत वस्ती, दुतर्फा झाडे, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रेषांनी आखलेल्या जागा. त्यांतील एका जागेत मोटार लावली. यजमानांनी चहाचा आग्रह केला, त्यात चाळीस मिनिटे गेली. परत येऊन पाहतो तो काचेवर पाकीट. ही जागा केवळ परवानाधारक रहिवाशांसाठी असून तुमच्या मोटारीवर परवाना नाही, सबब सत्तर पौंड दंड, चौदा दिवसांत भरल्यास पस्तीस, असा मजकूर आत होता.

प्रथम राग आला, मग लाज वाटली आणि घरी पोहोचेपर्यंत भीती दाटून आली. परमुलखात आपल्या निष्काळजीपणामुळे मुलीच्या नावावर पोलिसांत काही नोंद तर होणार नाही ना, ही शंका मनातून जाईना. पैसे ताबडतोब भरून टाकावेत आणि विषय मिटवावा असे मी ठरवूनही टाकले. संध्याकाळी मुलगी ड्यूटीवरून आली. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "बाबा, हा गुन्हा नाही, घाबरू नका. पण पैसेही लगेच भरू नका. उद्या परत तिथं जा आणि पाटी कुठं आहे ते बघून या."

रुग्णाला तपासल्याशिवाय औषध लिहू नये, हे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. त्या दिवशी ते मला माझ्या लेकीने सांगितले.

हा कागद कोणाचा, हे आधी पाहावे

इंग्लंडमध्ये मोटारीवर लागणारे कागद तीन प्रकारचे असतात आणि बाहेरून ते बरेचसे सारखे दिसतात. पहिला कौन्सिलचा, म्हणजे आपल्याकडील महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेचा. त्याला पेनल्टी चार्ज नोटीस म्हणतात. दुसरा खासगी कंपनीचा. त्याचे नाव पार्किंग चार्ज नोटीस. आद्याक्षरे दोन्हींची एकच, म्हणजे पी.सी.एन., आणि येथेच नवखा माणूस फसतो. दुकानांच्या आणि कित्येक रुग्णालयांच्या वाहनतळांवर ही दुसरी नोटीस मिळते. तो कायद्याने आकारलेला दंड नसतो. जागेवर लावलेल्या अटी तुम्ही मोडल्या म्हणून करारापोटी केलेली ती मागणी असते आणि तिची दाद मागण्याची वाट वेगळी असते. तिसरा कागद पोलिसांचा, त्याला फिक्स्ड पेनल्टी नोटीस म्हणतात. मी येथे लिहीत आहे ते पहिल्या प्रकाराविषयी आणि तेही इंग्लंडपुरते. स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे.

पूर्वी तेथेही चुकीच्या जागी मोटार लावणे हा गुन्हा समजला जाई आणि ते काम पोलिसांकडे असे. १९९१ च्या रस्ते वाहतूक कायद्याने हे बदलण्यास आरंभ झाला आणि १९९४ पर्यंत संपूर्ण लंडनमध्ये हा अधिकार स्थानिक संस्थांकडे आला. पुढे २००४ चा वाहतूक व्यवस्थापन कायदा झाला. त्यातील पार्किंगविषयक भाग इंग्लंडमध्ये ३१ मार्च २००८ पासून अमलात आहे. या कायद्याखालील दंड दिवाणी स्वरूपाचा असतो. त्याने गुन्ह्याची नोंद होत नाही आणि परवान्यावर गुणही चढत नाहीत. माझी भीती अनाठायी होती ती या कारणाने.

दुसरी गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. मोटार कोणीही चालवलेली असो, दंडाची जबाबदारी साधारणतः नोंदणीकृत मालकावर येते. चूक माझी, पण सरकारदरबारी उत्तर द्यायचे ते मुलीने. म्हणून काय करायचे हा निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता.

मुदतींचे गणित

पार्किंगच्या दंडात काय घडले याच्या खालोखाल महत्त्व केव्हा उत्तर दिले याला आहे. मुदती येणेप्रमाणे.

लंडनबाहेरील बहुतेक कौन्सिलांत दंडाच्या दोन पायऱ्या असतात. सशुल्क जागेत वेळ संपल्यावर राहणे यांसारख्या हलक्या चुकीस पन्नास पौंड आणि पिवळ्या रेषेवर किंवा परवान्याच्या जागेत मोटार लावणे यांसारख्या चुकीस सत्तर पौंड. चौदा दिवसांच्या आत भरल्यास रक्कम निम्मी होते. लंडनमधील दर याहून पुष्कळ अधिक आहेत.

भरायचे नसेल तर प्रथम कौन्सिलला साधे पत्र लिहून किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून हरकत घेता येते. हे पहिल्या चौदा दिवसांत केले आणि हरकत फेटाळली गेली, तर निम्म्या रकमेची सवलत आणखी चौदा दिवस पुन्हा द्यावी, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. बहुतेक कौन्सिले ते पाळतात आणि तसे उत्तराच्या पत्रात लिहितात.

अठ्ठावीस दिवसांत पैसेही भरले नाहीत आणि हरकतही मान्य झाली नाही, तर मालकाच्या नावे नोटीस टू ओनर येते. तिच्या उत्तरादाखल अठ्ठावीस दिवसांत रीतसर निवेदन देता येते. या निवेदनावर कौन्सिलने छप्पन्न दिवसांत निर्णय कळविला नाही, तर निवेदन मान्य झाले असे कायदाच समजतो. निवेदन नाकारले गेले, तर त्या पत्रापासून अठ्ठावीस दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येते. लंडनसाठी लंडन ट्रायब्युनल्स आणि उर्वरित इंग्लंड व वेल्ससाठी ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. कागदपत्रांवरून किंवा दूरध्वनीवरून सुनावणी होऊ शकते. निर्णय देणारे ॲडज्युडिकेटर हे स्वतंत्र विधिज्ञ असतात आणि त्यांचा निर्णय कौन्सिललाही बंधनकारक असतो.

यांपैकी काहीच न करता कागद खणात टाकून दिला, तर मात्र परिस्थिती बिघडते. दंडात निम्म्याने भर पडते, म्हणजे सत्तरचे एकशे पाच होतात. त्यानंतर नॉर्थॅम्प्टन येथील केंद्रात कोर्टाच्या यंत्रणेमार्फत त्या रकमेची कर्ज म्हणून नोंद होते आणि अखेर वसुली अधिकारी आपल्या शुल्कासह दाराशी येतात. दुर्लक्षित जखम चिघळावी तसे हे आहे.

आपल्या मुलांना येथे एक सूचना आवर्जून द्यावी. प्रशिक्षण घेणारे तरुण डॉक्टर दर सहा-बारा महिन्यांनी रुग्णालय आणि घर बदलतात. मोटारीच्या नोंदणीवरील पत्ता बदलायचा मात्र राहून जातो. मग सगळ्या नोटिसा जुन्या पत्त्यावर जातात आणि पहिली बातमी कळते ती वसुली अधिकाऱ्याकडूनच. नोटीस आपल्याला मिळालीच नाही असे रीतसर लेखी कळवून प्रकरण मागे नेण्याची सोय आहे, पण तो मनस्ताप टाळणेच बरे. घर बदलले की मोटारीच्या नोंदणीपुस्तकातील पत्ता त्याच आठवड्यात बदलावा.

पाटी कोठे होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या रस्त्यावर गेलो. मोटार लावली होती त्या जागेच्या एका टोकाला खांब होता. त्यावर पाटी बसविण्याच्या लोखंडी पट्ट्या होत्या, पाटी नव्हती. दुसऱ्या टोकाचा खांब एका झाडाच्या फांद्यांत जवळजवळ बुडाला होता. फांदी हाताने बाजूला केली तेव्हा आत पाटी सापडली: केवळ परवानाधारकांसाठी. रस्त्यावर अक्षरे रंगविलेली नव्हती.

मी छायाचित्रे काढली. चालकाच्या आसनावरून दिसणारे दृश्य, पायी चालणाऱ्याला दिसणारे दृश्य, रिकामा खांब, फांदी हलविण्यापूर्वीचे व नंतरचे चित्र. शिवाय कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोटिशीचा क्रमांक घातल्यास नोटीस लावणाऱ्या अधिकाऱ्याने त्या वेळी काढलेली छायाचित्रे पाहता येतात. ती पाहणे कोणीही चुकवू नये. आमच्या बाबतीत त्यांत मोटार होती, काचेवरचे पाकीट होते आणि खांबही होता. पाटीच्या जागी मात्र पानेच पाने होती.

दाद कोणत्या कारणांवर मागता येते, याची यादी नियमांत दिलेली आहे. नियमभंग घडलाच नाही. मोटार त्या वेळी माझ्या मालकीची नव्हती. ती माझ्या संमतीवाचून कोणी नेली होती. आकारलेली रक्कम नियमापेक्षा अधिक आहे. कौन्सिलने कार्यपद्धती पाळली नाही. मूळ वाहतूक आदेशच अवैध आहे. दंड आधीच भरला आहे. ही त्यांतील प्रमुख कारणे. निर्बंध मोटारचालकाला समजेल अशा रीतीने पाट्या व खुणा लावणे आणि त्या सुस्थितीत ठेवणे हे कौन्सिलचे कर्तव्य आहे. पाटी दिसण्याजोगी नसेल तर नियमभंग घडला असे म्हणता येत नाही, हा आमचा मुद्दा होता.

आणखी एक नियम सांगून ठेवतो, कारण तो अनेकांना ठाऊक नसतो. कौन्सिलच्या सशुल्क किंवा ठरावीक वेळ मोफत असलेल्या जागेत तुमची वेळ संपल्यावर दहा मिनिटांच्या आत दंड लावता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून हा नियम आहे. पिवळ्या रेषांना मात्र तो लागू नाही आणि परवाना नसताना परवान्याच्या जागेत थांबलेल्यालाही नाही, म्हणून मला त्याचा उपयोग नव्हता.

२१ जूनला आम्ही हरकत पाठविली. पत्र एका पानाचे. माझे वय, माझी चाळीस वर्षांची प्रॅक्टिस, चहाचा आग्रह, यांतले काहीही त्यात नव्हते. पहिल्या मसुद्यात ते सारे होते. मुलीने तो वाचला आणि म्हणाली, "बाबा, हे केस पेपरसारखं लिहा. कादंबरी नको."

खरा निर्णय कोठे असतो

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आले. पाट्या स्पष्ट आहेत, हरकत अमान्य, निम्म्या रकमेची सवलत आणखी चौदा दिवस. पुराव्यादाखल त्याच पाटीचे एक छायाचित्र जोडलेले होते. त्यात पाटी खरोखरच स्वच्छ दिसत होती. थोड्या वेळाने सौ.ने चष्मा लावून ते पाहिले आणि म्हणाली, "अहो, या झाडाला एकही पान नाही." छायाचित्र हिवाळ्यातले होते!

वाचकांनी येथे थोडे थांबावे, कारण निर्णयाचा खरा क्षण हा असतो. पहिली हरकत घेताना आपण फारसे काही गमावत नाही. वेळेत लिहिले तर सवलत बहुधा शिल्लक राहते. फेटाळल्याचे पत्र आल्यावर मात्र दोन वाटा फुटतात. आज भरले तर पस्तीस पौंड. पुढे गेलो आणि हरलो तर सत्तर, जिंकलो तर शून्य. हिशेब सोपा आहे. जिंकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक वाटत असेल तरच पुढे जाण्यात पैशाच्या दृष्टीने अर्थ आहे. ती शक्यता आपल्या रागावर अवलंबून नसते, पुराव्यावर असते. शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरविताना रुग्णाचा आक्रोश किती मोठा आहे हे आपण मोजत नाही, तपासण्या काय सांगतात हे पाहतो. तसेच हे आहे.

आणि एक पथ्य. आधी पैसे भरून मग हरकत घेऊ, असा विचार करू नये. पैसे भरले की प्रकरण संपले असे धरले जाते.

मुलीचे म्हणणे पैसे भरून टाकावेत असे होते. "माझ्या एका नाइटनंतरची झोप पस्तीस पौंडांपेक्षा महाग आहे, बाबा," ती म्हणाली, आणि तिचे खरे होते. पुढची सारी कागदपत्रे तिच्या नावे येणार, सही तिची लागणार. वेळेचे मोल हाही या निर्णयातला एक घटक आहे आणि तो तुच्छ मानू नये. मी तिला एवढेच म्हणालो की लिहिण्याचे काम माझे, तू वाचून पटले तरच सही कर. त्या रस्त्याने रोज कितीतरी माणसे जातात. त्या पाटीखाली उद्या आणखी कोणीतरी मोटार लावणार, आणि त्याच्यापाशी माझ्यासारखा रिकामा वेळ असेलच असे नाही. ती काही बोलली नाही, पण ऑगस्टच्या आरंभी नोटीस टू ओनर आली तेव्हा तिने मी लिहिलेले निवेदन दोनदा वाचले, एक विशेषण खोडले आणि सही केली.

दुसरे पाकीट

त्या निवेदनाचे उत्तर यायचे होते तोच २८ ऑगस्ट उजाडला. ऑगस्टमधील शेवटचा सोमवार म्हणजे तेथे बँक हॉलिडे, सार्वजनिक सुटी. नातवाला बूट घ्यायला आम्ही बाजारपेठेत गेलो. रस्त्याच्या कडेला एकेरी पिवळी रेषा होती आणि शेजारी पाटी: सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते सायंकाळी ६. मी ती वाचली. पण आज सुटी, तेव्हा निर्बंधालाही सुटी असणार, असे माझे मीच ठरविले. अर्ध्या तासाने परतलो तो काचेवर तेच पिवळे-काळे पाकीट.

पहिल्या प्रकरणाने मला या शास्त्रात पारंगत झाल्याचा भ्रम झाला होता. घरी येताच मी वही उघडली आणि मुद्दे काढू लागलो. सुटीच्या दिवशी निर्बंध लागू असल्याचे पाटीवर लिहिलेले नव्हते. रेषा एके ठिकाणी फिकट झाली होती. नोटिशीतील मोटारीचा रंग निळा म्हटला होता, तो मला करडा वाटत होता. तीन मुद्दे झाले.

त्या संध्याकाळी मुलीच्या परिचयाचे एक गृहस्थ आले होते. ते हसून म्हणाले, "काका, एवढा विचार कशाला करताय? तुम्ही डॉक्टर, तुमची मुलगी डॉक्टर. रस्त्यात कुणीतरी चक्कर येऊन पडलं, त्याला बघायला थांबलो होतो, असं लिहून टाका. डॉक्टरांना ते सोडतात."

सांगायला संकोच वाटतो, पण क्षणभर मला ती कल्पना पटली. आपल्याकडे मोटारीवरील लाल चिन्हाने आयुष्यभर पुष्कळ गल्ल्यांत माझी सोय केली आहे. ते चिन्ह असताना प्रत्येक वेळी मी रुग्णाकडेच चाललो होतो, असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाबा, त्या कागदावर सही माझी असते," एवढेच ती म्हणाली.

या चार-पाच शब्दांचा अर्थ आपल्या व्यवसायबंधूंना समजावून सांगायला नको, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. अशा निवेदनात जाणूनबुजून खोटे विधान करणे हा तेथे गुन्हा आहे. पार्किंगची चूक दिवाणी, पण तिच्यावर पांघरूण घालणारे खोटे फौजदारी. शिवाय तेथील डॉक्टर जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत असतो आणि त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा रुग्णालयाच्या भिंतींपुरती मर्यादित नसते. पस्तीस पौंड वाचविण्यासाठी मी तिची पंधरा वर्षांची मेहनत टांगणीला लावायला निघालो होतो.

तातडीच्या वैद्यकीय कामासाठी खरोखरच थांबावे लागले असेल, तर ते जरूर लिहावे आणि त्याचा पुरावा जोडावा. अशा सबळ कारणास्तव दंड रद्द करण्याचा अधिकार कौन्सिलला असतो. लंडनमध्ये रुग्णाच्या घरी तातडीने जाणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकांसाठी हेल्थ इमर्जन्सी बॅजची वेगळी योजनाही आहे. मात्र हा कौन्सिलचा स्वेच्छाधिकार आहे. न्यायाधिकरण केवळ सहानुभूतीपोटी दंड रद्द करू शकत नाही. फार तर कौन्सिलने पुन्हा विचार करावा अशी शिफारस करते. नियमभंग घडला नाही हे सांगणे वेगळे आणि घडला पण क्षमा करा हे सांगणे वेगळे. पत्र लिहिण्यापूर्वी आपण यांपैकी काय म्हणत आहोत, हे स्वतःशी स्पष्ट असावे.

त्या रात्री मी माझे तीन मुद्दे पुन्हा तपासले. पाटीवर सुटीचा अपवाद लिहिलेला नसेल, तर सुटीच्या दिवशीही निर्बंध लागूच असतो. म्हणजे पाटीचे मौन माझ्या विरुद्ध जात होते. रेषा फिकट होती, पण ती मला दिसली होती आणि पाटीही मी वाचली होती. मोटारीच्या रंगाची गोष्ट तर पोरकट होती. मोटारीचा क्रमांक, जागा, तारीख आणि वेळ बरोबर असताना रंगाच्या छटेवरून नोटीस रद्द होत नाही. तीन मुद्द्यांतून शिल्लक राहिले ते एवढेच: मला हरायला आवडत नव्हते. तिसऱ्या दिवशी पस्तीस पौंड भरले. ते माझ्या खिशातून दिले हे सांगायला नकोच.

पुढे काय झाले

सप्टेंबरच्या मध्यास कौन्सिलने पहिल्या प्रकरणातील निवेदनही नाकारले. पत्राचा मजकूर बराचसा जुलैतलाच होता आणि निष्पर्ण झाडाच्या छायाचित्राबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. आम्ही मुदतीत न्यायाधिकरणाकडे अपील दाखल केले. आमची छायाचित्रे, अधिकाऱ्याने काढलेली छायाचित्रे आणि कौन्सिलने पाठविलेले हिवाळी छायाचित्र एकाखाली एक लावली. त्यांच्याखाली तारखा लिहिल्या. फारसा युक्तिवाद केला नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही बेळगावला परतलो. दिवाळीच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. कौन्सिलने अपिलाला विरोध करायचा नाही असे ठरविले होते आणि दंड रद्द झाला होता. सुनावणीची वेळच आली नाही. जिंकल्याचा आनंद झाला, पण खरे समाधान पुढच्या वाक्याने झाले. "आणि बाबा, त्या फांद्या छाटल्यात. रिकाम्या खांबावर पाटीही लावलीय. काल जाताना बघितलं."

समारोप

या अनुभवातून मी जी प्रश्नावली तयार केली, ती येथे देतो. परदेशी असलेल्या मुलांना फोनवर सांगता येईल इतकी ती छोटी आहे. कागद कोणाचा आहे, कौन्सिलचा की खासगी कंपनीचा? त्यावर नेमकी कोणती चूक लिहिली आहे? ती चूक घडली होती का? नसल्यास ते दाखविणारा पुरावा माझ्यापाशी आहे का, आणि अधिकाऱ्याची छायाचित्रे मी पाहिली आहेत का? चौदा आणि अठ्ठावीस दिवस कोणत्या तारखांना संपतात? हरलो तर किती जाईल आणि तेवढा वेळ व पैसा घालविण्याची तयारी आहे का? शेवटचा प्रश्न: मी जे लिहीत आहे, त्यावर सही करणाऱ्या माणसाला ते भर सभेत वाचून दाखविता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आले, म्हणजे चूक घडली असेल आणि सांगण्याजोगे सबळ कारण नसेल, तर चौदा दिवसांच्या आत निम्मी रक्कम भरावी आणि विषय मनातूनही काढून टाकावा. उत्तर नाही असे आले आणि पुरावा हाती असेल, तर रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नये.

बेळगावला परतल्यानंतर एकदा मी नेहमीच्या गल्लीत मोटार लावली. काचेवरच्या लाल चिन्हाकडे लक्ष गेले. रुग्णाकडे निघालो नव्हतो, कोथिंबीर आणायला आलो होतो. मोटार मागे घेतली, वाहनतळावर नेऊन लावली आणि तेथून चालत मंडईत गेलो.